अवधाण आलं म्हणजे काय आलं?

सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं घर विडीकामाचं. आत्या दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायची. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याची गुंडी. सकाळी बसली की हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत उठायची नाही. एका संध्याकाळी उठताना तिचा पाय टेकेना. जांघेवर हात दाबून म्हणाली, "अवधाण आलंय गं." आजीने तिच्या जांघेकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "पाय पुढे कर." मग ट्यूबखाली नेऊन टाच पाहिली, तळवा पाहिला, एकेक बोट फाकवून मधली फट पाहिली. करंगळीच्या फटीत कातडी पांढरी पडून ओली झाली होती आणि तिच्या कडेला एक बारीक चीर होती. "हे बघ, इथनं आलंय." आजीने पाय साबणाने धुवून कोरडा केला. सकाळी आत्याला दवाखान्यात नेलं. औषध मिळालं ते बोटाच्या जखमेसाठी, आणि आठ दिवसांत जांघेतली गाठ आपोआप बसली.

आजीला 'लसीका संस्था' हा शब्द ठाऊक नव्हता. पण या संस्थेचा सगळ्यात उपयोगी नियम तिला पक्का माहीत होता: गाठ वर येते तेव्हा कारण बहुतेक वेळा खाली असतं. अवधाण, काखमांजरी, गंडमाळ, पाणथरी हे आपल्या बोलीतले शब्द याच संस्थेच्या आजारांचे आणि अवयवांचे आहेत. शब्द मागे पडत चालले, आणि त्यांच्याबरोबर पाय पुढे करायला सांगणारी नजरही. ही नजर प्रत्येक घरात पुन्हा यावी, एवढ्यासाठी हा लेख.

आधी पाण्याची गोष्ट. हृदय रक्त ढकलतं ते शेवटी केसाहून बारीक नळ्यांत पोचतं आणि तिथे रक्तातलं पाणी पेशींभोवती पाझरतं. दिवसभरात असं सुमारे २० लिटर पाणी बाहेर पडतं. त्यातलं बरंचसं लगेच परत रक्तात शिरतं, पण साधारण ३ लिटर मागे उरतं. त्यात प्रथिनं असतात, जंतू असतात, मेलेल्या पेशींचा कचरा असतो. हे उरलेलं पाणी उचलून नेणाऱ्या वेगळ्या नळ्या शरीरभर पसरलेल्या आहेत. त्या लसीकावाहिन्या, आणि त्यांतलं पाणी म्हणजे लसीका. पायांतली, पोटातली आणि डाव्या हाताची लसीका छातीतल्या एका मोठ्या नळीने वर चढते आणि मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडामागे, रक्तात मिसळते. उजवा हात, छातीची उजवी बाजू आणि डोक्या-मानेची उजवी बाजू यांची लसीका उजव्या बाजूने मिसळते.

या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंती हलक्याने आकुंचन पावतात, आत झडपा असतात, आणि बाकीचा जोर आपल्या स्नायूंचा आणि श्वासाचा. पोटरी आवळली की लसीका वर सरकते. म्हणून एका बैठकीत आठ-दहा तास विड्या वळणाऱ्या बाईचे आणि यंत्रमागापुढे रात्रपाळी उभ्याने काढणाऱ्या माणसाचे पाय संध्याकाळी जड होतात. कामाची तक्रार मी इथे मांडत नाही, ती वेगळी आणि मोठी आहे. पण तासाभराने सूप बाजूला ठेवून दोन मिनिटं उठावं. उठणं जमत नसेल तर बसल्या जागी पावलं वीस-पंचवीस वेळा वर-खाली करावीत, घोटे गोल फिरवावेत आणि पोट फुगवून चार-पाच खोल श्वास घ्यावेत. उभं काम असेल तर टाचा उचलून पुन्हा टेकवाव्यात. पैसा लागत नाही, आणि संध्याकाळचा फरक तुमचा तुम्हाला कळतो. दोन्ही पायांना एकदम सूज येत असेल, धाप लागत असेल, सकाळी डोळ्यांभोवतीही फुगत असेल, तर मात्र ते लसीकेचं दुखणं धरून बसू नका. हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि रक्ताचं प्रमाण तपासून घ्या.

आता गाठी. या नळ्यांच्या वाटेवर ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या लसीकाग्रंथी असतात. सगळ्या मिळून सहाशेच्या आसपास, आणि त्यांतला मोठा वाटा मानेत. गावाच्या वेशीवर जागल्या बसावा तशी प्रत्येक गाठ आपापल्या हद्दीतून येणारी लसीका गाळते. त्यात जंतू सापडला की गाठीतल्या पेशी भराभर वाढतात. गाठ सुजते आणि दुखते. म्हणजे सुजलेली गाठ बहुतेक वेळा स्वतः आजारी नसते, ती कामावर असते.

म्हणून हद्दी ठाऊक हव्यात. जांघेतल्या गाठींची हद्द म्हणजे पाऊल, पाय, कुल्ले, गुप्तांग आणि बेंबीखालची कातडी. काखेतल्यांची हद्द म्हणजे हात, स्तन आणि छाती-पाठीचा वरचा भाग. जबड्याखालच्या गाठी दात, हिरड्या, जीभ आणि ओठ सांभाळतात. मानेमागच्या आणि कानामागच्या गाठी डोक्याची कातडी सांभाळतात. लहान मुलाच्या मानेमागे दोन-चार बारीक गोळ्या लागल्या की आधी उवा आणि डोक्यातले फोड बघावेत. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यातली गाठ मात्र वेगळी. तिच्या हद्दीत छाती आणि पोट येतं. त्या खळग्यात गाठ लागली तर ती लहान आहे की मोठी, दुखते की नाही, याचा विचार न करता डॉक्टर गाठावा.

या संस्थेत गाठींखेरीज आणखीही अवयव आहेत. लसीकापेशी तयार होतात त्या हाडांच्या आतल्या मगजात. त्यांतल्या काहींचं शिक्षण होतं छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वयात आल्यावर विरत जाते. घशातले टॉन्सिल, नाकामागचे अॅडिनॉइड, लहान आतड्याच्या भिंतीतले लसीकापेशींचे ठिपके आणि अपेंडिक्स ही तोंडा-पोटाच्या वाटेवरची राखण. टॉन्सिल एकदा-दोनदा सुजले म्हणून काढायचे नसतात. वर्षात पाच-सात वेळा ताप येऊन घसा धरत असेल किंवा मूल झोपेत घोरून श्वास अडखळत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाशी बोलावं.

पाणथरीबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. पाणथरी म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या आड बसलेला, मुठीएवढा, साधारण १५० ग्रॅमचा अवयव. गाठी लसीका गाळतात, पाणथरी रक्त गाळते. जुन्या तांबड्या पेशी मोडून काढते आणि रक्तातले जंतू धरते. निरोगी माणसात ती बाहेरून हाताला लागत नाही. मलेरियात आणि काही रक्ताच्या आजारांत ती वाढते, आणि वाढलेली पाणथरी साध्या धक्क्यानेही फुटू शकते. आपल्याकडे मोटारसायकलच्या अपघातात माणूस उठून उभा राहतो, कपडे झटकतो आणि "काही नाही झालं" म्हणून घरी जातो. डाव्या बरगड्यांवर मार बसला असेल आणि नंतर पोट दुखू लागलं, चक्कर आली, डावा खांदा विनाकारण दुखायला लागला, तर आत पाणथरीतून रक्त जात असू शकतं. हे काही तासांनी, कधी काही दिवसांनीही होतं. अशा वेळी पोटाला चोळत बसू नये, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं आणि सोनोग्राफी करावी. ज्यांची पाणथरी शस्त्रक्रियेने काढली आहे त्यांनी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लशी घेतल्या आहेत ना, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. थंडी वाजून ताप आला तर त्यांनी एक रात्रही वाट पाहू नये.

गाठीची भीती आपल्या रक्तात जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढे राज्यभर पसरला आणि सोलापुरालाही त्याच्या साथींनी झोडपलं. त्याला मराठीत ग्रंथिक सन्निपात म्हणत, कारण काखेत किंवा जांघेत गाठ उठली की घरात रडारड सुरू व्हायची. आता ती भीती धरायचं कारण नाही. बेफिकीर राहण्याचंही नाही. मग कोणत्या गाठीसाठी थांबावं?

हद्दीत जखम, फोड किंवा किडका दात आहे. गाठ दुखरी आहे. बोटाखाली मऊ लागते आणि सरकते: अशा गाठीला मूळ कारणाचा इलाज करून दोन-तीन आठवडे द्यावेत. ती बसत जाते. गाठ शेकू नये, रगडू नये, तिच्यावर चुना-गूळ किंवा बिब्बा लावू नये. बिब्ब्याने भाजलेल्या कातडीतून जंतूंना नवी वाट मिळते. आणि या गाठीसाठी थांबायचं नाही, ती दाखवायची: बोराएवढी किंवा मोठी, तीन-चार आठवडे झाले तरी तशीच किंवा वाढती; दगडासारखी कडक; खालच्या मांसाला चिकटलेली, न सरकणारी; न दुखणारी. न दुखणारी हा शब्द दोनदा वाचा. आपल्याकडे "दुखत नाही ना, मग राहू दे" असं म्हणून माणसं सहा-सहा महिने काढतात. जांघेत, काखेत आणि मानेत अशा तिन्ही ठिकाणी गाठी आल्या, रात्री कपडे बदलावे लागतील एवढा घाम आला, वजन घटत गेलं, महिनाभर बारीक ताप राहिला, तर त्याच आठवड्यात तपासणी करावी.

तपासणी म्हणजे बहुतेक वेळा सुईची. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे मी अनेक घरांत ऐकलं आहे आणि ते खोटं आहे. कधी डॉक्टर पूर्ण गाठ काढून तपासायला सांगतात. लसीकाग्रंथींच्या कॅन्सरचा, म्हणजे लिम्फोमाचा, प्रकार नीट ठरवायला पूर्ण गाठ लागते, म्हणून तिला नाही म्हणू नये. आणि निदान होण्याआधी कुणी "गाठ बसायचं इंजेक्शन" किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या देत असेल तर घेऊ नका. गाठ तात्पुरती बसते, निदान हुकतं, आणि हातचे महिने जातात.

मानेच्या बाजूला एकाला एक लागून माळेसारख्या गाठी आल्या की त्याला आपण गंडमाळ म्हणत आलो. ती बहुतेक वेळा क्षयाची, म्हणजे टीबीची, असते. फुप्फुसाबाहेरच्या टीबीत गाठींचा टीबी सर्वांत जास्त आढळतो. तरुण मुलींत दिसला की घर आधी लग्नाच्या काळजीत पडतं आणि ओढणीआड गाठ झाकून ठेवते. त्या घरातल्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे. फुप्फुसात टीबी नसेल तर गाठीचा टीबी दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळं करायची गरज नाही. साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी तो पूर्ण बरा होतो, आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. त्यासाठी खातं जोडलं आहे ना, हे आरोग्य केंद्रात विचारा. उपचाराच्या पहिल्या महिन्यांत गाठ उलट मोठी होऊ शकते, फुटूही शकते. त्यामुळे औषध लागू पडत नाही असं ठरवून ते बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. गाठ चिरून पू काढायला वैदूकडे जाऊ नका. ती जखम महिनोनमहिने वाहत राहते.

मानेच्या गाठीचं दुसरं कारण आपल्या तोंडात आहे. विडीकामाच्या घरांत तंबाखू हाताशीच असतो. दात दुखला की मिश्री, भूक मारायची तर मिश्री, गप्पा मारायच्या तर चिमूटभर तंबाखू. गुटखा खाणाऱ्या पोरांचं तोंड पंचविशीतच दोन बोटं उघडेनासं होतं. तोंडाचा कॅन्सर पसरतो तेव्हा आधी जबड्याखालच्या आणि मानेच्या गाठींत उतरतो. म्हणून तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेत न दुखणारी कडक गाठ आली, तर त्याच दिवशी आरशापुढे उभं राहून तोंड उघडावं. जिभेच्या कडा, गालाची आतली बाजू आणि हिरडी-गालामधली खाच बोटाने चाचपावी. तीन आठवडे न भरलेली तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, हलणारा दात, यातलं काही असेल तर दवाखान्यात जावं. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवणारी देशातली पहिली नोंदवही १९८७ मध्ये याच बार्शीत सुरू झाली. कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबई गाठावीच लागते, हा समज त्यामुळे सोडायला हरकत नाही. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. लोक त्याला सिव्हिल म्हणतात, आणि पहिली तपासणी तिथेही होते.

आता ज्या आजाराने ही संस्था आपल्या भागात सगळ्यात जास्त मोडली, त्याबद्दल. महाराष्ट्रातल्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांच्या यादीत सोलापूर आहे. हत्तीरोग म्हणजे धाग्यासारख्या किड्यांनी लसीकावाहिन्यांत केलेलं घर. नर-मादी किडे सहा ते आठ वर्षं जगतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्लं रात्री रक्तात फिरतात, साधारण १० ते २ या वेळात सर्वांत जास्त. हा आजार पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचा थेंब घ्यायला रात्री दारात येतात. त्यांना "उद्या सकाळी या" म्हणून परत पाठवलं तर तपासणीला अर्थच उरत नाही. कलकत्त्यात १८७२ मध्ये टिमथी लुइस यांनी ही पिल्लं माणसाच्या रक्तात पाहिली आणि १८७७ मध्ये चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासाच्या पोटात वाढताना पाहिली. म्हणजे हा आजार कुणाच्या पापाने, नजरेने किंवा पाणी ओलांडल्याने होत नाही, हे दीडशे वर्षांपूर्वी कळलेलं आहे.

किड्यांनी वाहिन्या आतून फुगतात, झडपा मोडतात, पाणी तुंबतं. पायात तुंबलं की हत्तीपाय, पुरुषांच्या अंडकोशात तुंबलं की अंडवृद्धी. क्वचित आतड्याकडून चरबी वाहून आणणाऱ्या लसीकावाहिन्या लघवीच्या वाटेत फुटतात आणि लघवी दुधासारखी पांढरी होते. लघवी पांढरी दिसली तर "धात जाते" म्हणून भोंदूला पैसे देऊ नका, मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा. अंडवृद्धीवर साधी शस्त्रक्रिया आहे आणि ती सरकारी रुग्णालयात होते. लाजेपायी लोकांनी वीस-वीस वर्षं सैल धोतराआड हे ओझं वागवलं आहे. ते वागवायचं काही कारण नाही.

सुजलेला पाय पूर्वीसारखा करणारं औषध नाही. पण तो वाढू न देणं आपल्या हातात आहे, आणि हे मी पोकळ धीर द्यायला म्हणत नाही. पाय वाढतो तो फक्त किड्यांमुळे नाही. तुंबलेल्या पायाच्या कातडीतून जंतू आत शिरतात, अंग थरथरून ताप येतो, पाय लाल होतो, जांघेत अवधाण येतं. अशा प्रत्येक झटक्यानंतर पाय थोडा आणखी जाड होतो. झटके थांबले की वाढ मंदावते. आणि झटके थांबतात ते पाय धुतल्याने.

हे धुणं कसं करायचं, ते नीट सांगतो. एक टब किंवा पसरट घमेलं, एक तांब्या, साधा अंगाचा साबण, मऊ सुती फडकं. पाणी साधं, गरम नको. आधी उजेडात बसून पाय नीट पाहायचा: बोटांच्या फटी, कातडीच्या वळ्या, टाचेच्या भेगा, नखांच्या कडा. मग गुडघ्यापासून खाली साबणाचा फेस हाताने लावायचा. ब्रश नको, दगड नको, घासणी तर नकोच. वळ्यांच्या आत बोट घालून, प्रत्येक फटीत हात फिरवून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. इथपर्यंत बरेच जण करतात. चुकतं ते पुढे. ओला पाय तसाच चपलेत जातो. फडक्याने टिपून, चोळून नाही, प्रत्येक फट पूर्ण कोरडी करायची. जाड पायाच्या वळीत फडकं जात नसेल तर त्याचं टोक पिळून आत घालायचं. फट पांढरी-ओली असेल तर बुरशीचं मलम, चिरलेली असेल तर जंतुनाशक मलम. हे दिवसातून एकदा, शक्यतो रात्री. घरातल्या सुनेने किंवा नातवाने पहिले आठ दिवस शेजारी बसावं. वाकून स्वतःचं पाऊल बघणं जाड पायाच्या म्हातारीला जमत नाही, आणि ती ते बोलून दाखवत नाही.

झोपताना पायाखाली उशी किंवा घडी घातलेली चादर, बसताना पाय स्टुलावर. सोलापुरी चादरीची एक घडी या कामाला अगदी पुरेशी उंच होते. पायात मोकळी, न चावणारी चप्पल. अनवाणी चालणं बंद. डॉक्टरांनी दाब देणारे मोजे सांगितले असतील तर मापाने घ्यावेत आणि सकाळी पलंगावरून उतरण्याआधी चढवावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, मोजे असह्य होतात आणि सूजही उन्हात वाढते. अशा दिवसांत भर दुपारी काढले तरी सकाळ-संध्याकाळ घालावेत. मधुमेह असेल किंवा चालताना पोटऱ्या आवळून दुखत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोजे घालू नयेत.

झटका आला तर नियम उलटे. व्यायाम बंद, मालिश बंद, शेक बंद. पाय उंच ठेवून पडून राहायचं, साध्या पाण्याची ओली पट्टी ठेवायची, भरपूर पाणी प्यायचं आणि डॉक्टरांकडून प्रतिजैविकं घेऊन ती पूर्ण संपवायची. गुंगी आली, ताप उतरेना, कातडीवर काळे फोड आले, तर रुग्णालयात दाखल व्हायचं.

डासाबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. शहरात नळ काही दिवसांआड येतो म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. त्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास वाढतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यातला: तुंबलेलं गटार, मोरीचा खड्डा, सेप्टिक टँक. नुसतं पिंप झाकून भागत नाही. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपला बारीक जाळी किंवा जुन्या नायलॉनच्या कापडाचा तुकडा बांधा, दारापुढचं गटार वाहतं ठेवा आणि मच्छरदाणीत झोपा.

आणि गोळ्या. हत्तीरोगविरोधी कार्यक्रम देशात १९५५ पासून आहे, सार्वत्रिक गोळ्या २००४ पासून, आणि आता २०२७ हे निर्मूलनाचं लक्ष्य आहे. तुमच्या भागात मोहीम असेल तेव्हा आशाताई दारात येतील. पाय सुजलेला नाही म्हणून गोळ्या नाकारू नका. किडा शरीरात शिरल्यावर सूज दिसायला वर्षं लागतात, आणि तोवर धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातून डास ती पिल्लं शेजाऱ्याकडे नेतो. गोळ्या जेवल्यावर, ताईंच्या समोर घ्याव्यात. उशाला ठेवलेल्या गोळ्यांचा उपयोग शून्य. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं यांना त्या देत नाहीत. नंतर थोडा ताप, मळमळ किंवा चक्कर आली तर ते बहुधा रक्तातले किडे मरत असल्याचं लक्षण असतं; फार त्रास झाला तर ताईंना कळवावं.

लसीकेची सूज हातालाही येते, बहुतेक वेळा स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्यानंतर. त्या बायांसाठी एवढंच: त्या हाताची कातडी म्हणजे तुमची तटबंदी. भाकरी भाजताना तव्याचा चटका बसतो, विळीवर बोट कापतं, तेव्हा लगेच धुवून मलम लावा. जड घागर दुसऱ्या हाताने उचला, पण हात बांधून ठेवू नका. शिकवलेले व्यायाम रोज करा. अंगठी किंवा बांगडी घट्ट वाटू लागली तर सूज डोळ्याला दिसण्याआधीच दाखवा.

आषाढीला आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, लाखो पावलं येतात. आळंदीहून निघालेला वारकरी अठरा-वीस दिवस पावसा-चिखलात चालतो. घरातून कुणी वारीला निघत असेल तर पिशवीत पाय पुसायचं एक वेगळं सुती फडकं आणि बुरशीच्या मलमाची एक ट्यूब टाका. रोज मुक्कामाला पोचल्यावर भजनाआधी बोटांच्या फटी कोरड्या करायला सांगा. मधुमेही वारकऱ्याला हे बजावूनच सांगा, कारण त्याला चीर दुखतच नाही.

टीबीबद्दल काही विचारायचं असेल तर १८००-११-६६६६ हा फोन फुकट आहे. बाकी सुरुवात घरातच करता येते. आज रात्री पाय धुतल्यावर, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला उजेडात बसवा, पाय पुढे करायला सांगा आणि करंगळी फाकवून आतली फट बघा.